गंधकाची पुडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या उन्हाळ्यात शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्याचा माळा आवरायला काढला. पत्र्याच्या एका ट्रंकेत पितळी अडकित्ता, दोन जुनी पंचांगं, सातबाऱ्याचे उतारे आणि वर्तमानपत्राच्या कागदात सुतळीनं बांधलेली एक पुडी निघाली. नातवानं ती सोडली, हुंगली आणि म्हणाला, "आबा, फटाक्याचा वास येतोय." पुडीत पिवळी पूड होती. गंधक. माझ्या आजोबांनी ज्वारीच्या पेरणीसाठी आणलेला आणि वापरायचा राहून गेलेला. पन्नास वर्षं तरी तो माळ्यावर पडून असेल.

नातू शहरात वाढलेला. ज्वारी आणि गंधक यांचा संबंध काय, हे त्याला कळेना. त्याला सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, की ही गोष्ट एका पुडीत मावणारी नाही. ती मोहोळच्या रानातून निघते आणि पुणे, इराक, जपान करत कर्जतच्या भातखाचरापर्यंत जाते. श्रोतेहो, आज तीच तुम्हांला सांगतो. मी निवृत्त शिक्षक आहे, शेतकी शास्त्रज्ञ नाही. पण घरी चार एकर काळी रान आहे आणि इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं आहे, एवढा अधिकार मला पुरे आहे.

आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं. मोहोळ म्हटलं की ज्वारी खाणाऱ्यांना मालदांडी आठवते. तिथल्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडलेला 'एम ३५-१' हा वाण आजही रब्बीत पेरला जातो. इतकी वर्षं टिकलेला दुसरा वाण सहज सापडायचा नाही. संक्रांतीला सोलापुरात गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा गावाकडे कणसं हुरड्याला आलेली असतात. आम्ही पोरं हुरडा खायला रानात शिरायचो आणि हटकून काळी कणसं शोधायचो. दाण्याच्या जागी राखाडी रंगाची बोंडकी, चिमटीत दाबली की फुटायची आणि आतून काजळासारखी भुकटी उडायची. तिच्या मिशा काढून आम्ही गावभर हिंडायचो. हीच काणी. कुणी काजळीही म्हणतात.

आजोबांनी त्या मिशा पाहिल्या की पहिला मार मला आणि दुसरा बरोबरच्याला. ते स्वतः कापडी पिशवी घेऊन रानातून फिरत. काळं कणीस हलकेच पिशवीत घालून मग तोडायचं, म्हणजे भुकटी उडत नाही, आणि बांधावर नेऊन जाळायचं. तो मार कशासाठी होता, हे मला पुढं फार वर्षांनी कळलं.

काणीची बुरशी मोठी धूर्त. मळणीच्या वेळी काळं बोंडकं फुटतं आणि त्यातले बीजाणू चांगल्या दाण्यांना चिकटतात. दाणा दिसायला शुभ्र, टपोरा. तोच आपण बियाणं म्हणून राखून ठेवतो. पुढच्या सप्टेंबरात तो जमिनीत पडला, की त्याच्याबरोबर बुरशीही रुजते आणि कोंबात शिरते. मग ती रोपाच्या पोटातून गपचूप वाढत राहते. ताट हिरवंगार, पान तजेलदार, शेतकऱ्याला शंकाही येत नाही. दाणा भरायची वेळ आली की ती दाण्याची जागा घेते. म्हणजे नुकसान दिसतं तेव्हा उपायाची वेळ चार महिन्यांपूर्वीच टळून गेलेली असते. उपाय करायचा तो पेरणीच्या आदल्या दिवशी, दाणा अजून घरात असताना.

ही गोष्ट माणसाला कळायला काही शतकं लागली. युरोपात गव्हाला असाच काळा रोग पडायचा. इंग्लंडात ब्रिस्टलजवळ गव्हानं भरलेलं एक जहाज सतराव्या शतकात बुडालं, खारवलेला गहू खाण्याच्या लायकीचा राहिला नाही म्हणून शेतकऱ्यांनी तो पेरला, आणि त्या वर्षी आजूबाजूच्या शेतांत रोग पडला तरी हा गहू मात्र स्वच्छ निघाला, अशी हकिकत जेथ्रो टल यानं १७३०च्या दशकातल्या आपल्या पुस्तकात दिली आहे. हकिकत शंभर टक्के खरी असेल-नसेल, पण बी मिठाच्या पाण्यात बुडवण्याची चाल तिथून पडली. पुढं १७५५ साली तिये या फ्रेंच गृहस्थानं, जो पेशानं टांकसाळीचा अधिकारी होता, शेतात वाफे आखून दाखवून दिलं की ती काळी भुकटीच रोग पसरवते. १८०७ साली प्रेव्हो यानं भुकटीचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली रुजताना पाहिले. त्याला आणखी एक गोष्ट आढळली. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात ते नीट रुजत नव्हते. मोरचूद हा बियाण्याचा उपाय झाला तो या एका निरीक्षणातून. तांब्याच्या घागरी पिढ्यान्‌ पिढ्या वापरणाऱ्या आपल्या लोकांना हे वाचून जरा चुटपुट लागावी.

आपल्याकडे ज्वारीच्या काण्यांचा नीट अभ्यास केला तो पुण्याच्या जी. एस. कुळकर्णी यांनी. मुंबई इलाख्यातल्या ज्वारीच्या काण्यांवरची त्यांची पुस्तिका बिहारमधल्या पुसाच्या शेतकी संशोधन संस्थेनं १९१८ साली प्रसिद्ध केली. त्याच संस्थेतल्या बटलर साहेबांचा भारतीय पिकांच्या बुरशीरोगांवरचा मोठा ग्रंथही त्याच वर्षी आला. ग्रंथाचं नाव झालं, पुस्तिका विसरली गेली. पण आमच्या गावच्या दृष्टीनं पुस्तिकाच मोलाची. काणी एक नसून चार आहेत. दाण्याची काणी, मोकळी काणी, लांब काणी आणि शेंड्याची काणी. पहिली बियाण्याला चिकटून येते, तेव्हा बियाण्यावरच तिला गाठता येतं. लांब काणी फुलोऱ्याच्या वेळी वाऱ्यावर येते आणि शेंड्याची काणी जमिनीतून. त्यांना बियाण्यावरचा उपाय पोचत नाही. हा फरक ज्याला कळला नाही, तो गंधक लावूनही लांब काणी आली की 'औषध खोटं' म्हणून मोकळा होतो. आमच्या गावात असे बरेच होते. आजही आहेत.

शेतकी खात्यानं आधी मोरचुदाचा प्रचार केला. बी मोरचुदाच्या पाण्यात बुडवायचं, निथळायचं, सुकवायचं. उपाय नामी, पण शेतकऱ्याच्या घरात बसेना. पाणी जरा कडक झालं किंवा बी जरा जास्त वेळ राहिलं, की उगवण मार खायची. शिवाय भिजलेलं बी आणि पेरणी लांबली तर काय करायचं? रब्बीत ओल बघून पेरावं लागतं, आज पेरू म्हटलं तरी चार दिवस थांबावं लागतं. गंधकाला यातलं काहीच नको. कोरडी बारीक पूड, कोरडं बी, एक मडकं. पूड घालायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि मडकं मांडीवर घेऊन घोळवत बसायचं. आमच्याकडे हे काम आजीचं. दहा मिनिटांत प्रत्येक दाणा पिवळसर दिसायला लागायचा. उगवणीला धक्का नाही, आणि बी उरलं तर पुढच्या साली चालतं. आज कृषी विद्यापीठाची शिफारस आहे, तीनशे मेश पोताचा गंधक, किलोला चार ग्रॅम. एकरी चार किलो बी धरलं तर सोळा ग्रॅम गंधक झाला. मिसळणाच्या डब्यातल्या चमच्यानं मोजलं तर दोन-तीन चमचे. चार महिन्यांच्या पिकाचा विमा आणि हप्ता दोन-तीन चमचे! विमा कंपन्यांनी ऐकू नये.

इथं आजीची दुसरी एक गोष्ट सांगायलाच हवी. ती सांगताना आजही माझा आवाज जरा अडखळतो.

साल १९७२. त्या दुष्काळाबद्दल सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या घरी त्या साली नव्या पद्धतीचं, औषध लावलेलं बियाणं आणलं होतं. गंधकाचं मडकं मागं पडलं होतं, तयार बी दुकानात मिळत होतं, गुलाबी रंगाचं. पण पाऊस झाला नाही, ओल नव्हती, पेरणीच झाली नाही. बी पिशवीत तसंच राहिलं. पौषात घरातली ज्वारी संपली. खायला रोजगार हमीवरची सुकडी आणि अमेरिकेतून आलेला लाल मिलो. त्याच्या भाकरीला धड चव नाही, धड वळत नाही. एका शनिवारी आजीनं ती गुलाबी ज्वारी घमेल्यात ओतली, तीन पाण्यांनी धुतली. रंग निघून गेला, दाणा चांदीसारखा पांढरा दिसायला लागला. तिनं तो अंगणात धोतरावर वाळत घातला आणि जात्याजवळ जागा झाडून ठेवली.

माझे वडील सोलापुरात गिरणीत रंगखात्यात होते. शनिवारी रात्री गावी यायचे. त्यांनी धोतर बघितलं, पिशवी बघितली आणि एक शब्द न बोलता सगळं धोतर गुंडाळून नेऊन उकिरड्यापलीकडच्या खड्ड्यात पुरलं. आजी मागं धावत गेली. "अरे, धुतलंय मी! रंग सगळा गेलाय!" वडील म्हणाले, "आई, रंग गेला म्हंजे औषध गेलं असं नसतंय. मी रोज रंगात हात घालतो, मला कळतंय." आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. उपाशी घरात कुणी दाणा पुरतं का, हा तिचा प्रश्न होता, आणि तिच्या बाजूनं पाहिलं तर तो बरोबरच होता.

पुष्कळ वर्षांनी मी वाचलं की त्याच साली, १९७१-७२च्या हिवाळ्यात, इराकमध्ये नेमकं हेच घडलं होतं. तिथंही दुष्काळानंतर सरकारनं परदेशातून गव्हाचं आणि बार्लीचं बियाणं मागवलं. त्याला बुरशीपासून बचावासाठी सेंद्रिय पाऱ्याचं औषध लावलेलं होतं आणि इशारा म्हणून लाल रंग दिलेला होता. पोत्यांवरच्या सूचना इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. पुष्कळ ठिकाणी बी पेरणी उरकल्यावर पोचलं. घरातल्या बायकांनी ते धुतलं. रंग गेला, पारा राहिला. काहींनी खात्री करायला आधी कोंबड्यांना घालून पाहिलं. कोंबड्या काही दिवस ठणठणीत राहिल्या, कारण हे विष लगेच दिसत नाही, आठवड्यांनी दिसतं. मग रोट्या भाजल्या गेल्या. इस्पितळात ६,५३० माणसं दाखल झाली, त्यांतली ४५९ तिथं दगावली. ही फक्त इस्पितळात नोंदलेली माणसं. ज्या घरांनी इस्पितळ गाठलंच नाही, त्यांचा हिशेब कोण ठेवणार?

आमच्या पिशवीतलं औषध पाऱ्याचं होतं की दुसरं एखादं, याची चौकशी तेव्हा कुणी केली नाही. पण पाऱ्याची बुरशीनाशकं आपल्याकडेही त्या काळी सर्रास मिळत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत त्यांची सुरुवात झाली. काणीवर ती गुणकारी होती, यात वाद नाही. स्वीडनमध्ये पेरलेले दाणे टिपणारे पक्षी पटापट मरू लागले, तेव्हा त्यातली सर्वांत घातक औषधं १९६६ साली बियाण्यासाठी बंद झाली. आपल्याकडे टप्प्याटप्प्यानं एकेक औषध गेलं. उसाच्या बेण्याला आणि बटाट्याला लावायला राहिलेलं शेवटचं पाऱ्याचं औषध केंद्र सरकारनं बंद केलं ते २०१८ साली. पक्ष्यांनी दिलेली वर्दी आपल्याला पोचायला पन्नास वर्षं लागली म्हणायची.

आता भाताकडे वळतो. सोलापूरकरानं भातावर बोलावं हे तसं धाडसच. आमच्या लहानपणी भात सणासुदीला, नाहीतर आजारपणात. पूर्वभागातल्या विणकर मंडळींकडे रोज भात असतो याचं आम्हांला कोण अप्रूप! पण माझी मुलगी कर्जत तालुक्यात दिली आणि माझे व्याही पडले भातवाले. कर्जतला भाताचं संशोधन केंद्र १९१९ सालापासून आहे, आणि त्याच्या आसपासचे शेतकरी बोलायला चांगलेच तयार असतात. पहिल्याच पावसाळ्यात व्याह्यांनी मला खाचराच्या बांधावर उभं केलं आणि एक पान हातात दिलं. पानावर होडीच्या आकाराचे ठिपके, कडा तपकिरी, मध्ये राखेचा रंग. "गुरुजी, हा आमचा करपा. तुमची काणी पेरण्याआधी कळते तरी. हा वाऱ्यावर येतो."

करप्याची बुरशी कशी काम करते हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. तिचा बीजाणू ओल्या पानावर चिकटतो, त्याला कोंब फुटतो आणि कोंबाच्या टोकाशी एक बारीक घुमट तयार होतो. त्या घुमटात ती वातावरणाच्या ऐंशी पट दाब साठवते आणि त्या जोरावर पानाला भोक पाडते. मोटारीच्या चाकात हवा असते ती दोन-अडीच पट. डोळ्याला न दिसणाऱ्या जिवाचा हा जोर! पानावर थांबली तर एक वेळ परवडतं. लोंबीच्या मानेशी आली तर मान मोडते, लोंबी लटकते आणि दाणा भरतच नाही.

भाताचा बुरशीरोग म्हणजे काय, हे या देशानं एकदा फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे. बंगालात १९४२ साली भातावर तपकिरी ठिपक्यांचा रोग पडला. ती करप्याहून वेगळी बुरशी. पुढच्या वर्षीच्या दुष्काळात वीस ते तीस लाख माणसं गेली. पद्मनाभन या भातरोगतज्ज्ञांनी १९७३ साली लिहिलेल्या लेखात या रोगाला मुख्य कारण ठरवलं. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली दाखवलं की धान्य फार कमी नव्हतं, गरिबाच्या हाती ते विकत घेण्याची ताकद उरली नव्हती. माझं मत विचाराल तर, बुरशीनं कणगी थोडी रिकामी केली आणि उरलेलं काम युद्ध, साठेबाजी आणि बेफिकीर सरकार यांनी केलं. कटकची मध्यवर्ती भात संशोधन संस्था १९४६ साली उभी राहिली ती या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर.

व्याह्यांची हत्यारं मात्र साधी आहेत. एक मीठ. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात बी ओतून ढवळायचं. पोचट, रोगट, हलका दाणा वर तरंगतो, तो काढून टाकायचा. तळाला बसलेलं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत सुकवायचं. जपानात फुकुओकाच्या योकोई या शिक्षकानं १८८२ साली हीच युक्ती पद्धतशीर मांडली होती, तिथलं पाणी आपल्यापेक्षा बरंच जास्त खारं असतं. ब्रिस्टलचं जहाज, फुकुओकाचा शिक्षक आणि कर्जतची बादली यांच्यात धागा जोडायचा मोह होतो, पण काम वेगळं आहे. मीठ इथं विष म्हणून नाही, तराजू म्हणून वापरलं जातं.

दुसरं हत्यार राख. या राखेचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. ठाणे-कुलाब्याकडे भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या फांद्या पसरून जाळायची फार जुनी चाल आहे. तिला राब म्हणतात. तण मरतं, जमीन भाजते, राख मिळते आणि रोप जोमदार येतं. १८७८च्या जंगल कायद्यानंतर फांद्या तोडण्यावर बंधनं आली आणि शेतकरी खवळले. तक्रारी इतक्या वाढल्या की सरकारला १८८५ साली मुंबई वन आयोग नेमावा लागला. वन खातं म्हणे राबानं डोंगर बोडके होतात, शेतकरी म्हणे राबाशिवाय रोप होत नाही. विलायतेहून आलेले डॉ. व्होल्कर यांनी १८९३च्या आपल्या अहवालात या राबाची दखल घेतली. दोन्ही बाजू खऱ्या, म्हणूनच भांडण मिटेना.

ते मिटायची वाट दाखवली ती डॉ. एन. के. सावंत यांनी. अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्रात काम केलेल्या या माणसानं कोकणातल्या भातासाठी 'चारसूत्री' पद्धत मांडली. तिचं पहिलं सूत्र असं, की भातानं जमिनीतून नेलेलं भातालाच परत द्या. गिरणीतलं भाताचं तूस अर्धवट जाळून त्याची काळी राख रोपवाटिकेत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळा आणि पेंढा खाचरात गाडा. बाकीची सूत्रं म्हणजे गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित अंतरावर लावणी आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्ये खोचणं. तुसाच्या राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका असते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ. रोप ती पिऊन घेतं आणि पानाच्या सालीखाली तिचा थर बसवतं. आता तो ऐंशी पट दाबाचा घुमट आठवा. त्याला पुढं भोक पाडायचं असतं ते या थरातून. करपलेल्या भातात सिलिका कमी असते, हे जपानच्या ओनोडेरा यांनी १९१७ सालीच नोंदवलं होतं. थराबरोबर रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते, असं अलीकडचे अभ्यास सांगतात. डोंगरावरची एक फांदी न तोडता राख मिळाली. वन आयोगापुढं तेव्हा कुणी तुसाचं पोतं नेऊन ठेवलं असतं तर!

पण व्याही मला सावध करतात. "गुरुजी, राखेनं सगळं होतं असं सांगू नका. शेजारी पिवळं पान दिसलं की युरिया फेकतो. मऊ लुसलुशीत पानावर करपा असा काही चढतो, की माझी राखही हात टेकते." नत्राचा अतिरेक आणि करपा यांची दोस्ती जगभर ठाऊक आहे, तरीही हात थांबत नाही. हिरवा रंग बघायची सवय वाईट.

जपानची गोष्ट अर्धी राहिली. तिथं १९५०च्या दशकात करप्यासाठी भातावर पाऱ्याची भुकटी धुरळायला सुरुवात झाली. पीक वाचलं, पण पारा तांदळात उतरला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस ते थांबवावं लागलं. थांबवता आलं, कारण पर्याय तयार होता. नारा शहरातल्या कासुगा देवस्थानाच्या मातीत सापडलेल्या एका जंतूपासून उमेझावा यांनी कासुगामायसिन हे प्रतिजैविक काढलं. आपल्याकडच्या दुकानांतही ते मिळतं, पण विकत घेणाऱ्याला तो देवळाच्या मातीचा प्रसाद आहे हे माहीत नसतं. मित्रबुरशी ट्रायकोडर्मा हीही मातीतलीच. ती दुसऱ्या बुरशीला वेटोळे घालून खाते, हे १९३२ साली वाइंडलिंग यांनी दाखवलं. आज ती कृषी विद्यापीठांत पाकिटात मिळते. फक्त पाकीट उन्हात ठेवू नये आणि तारीख बघून घ्यावं. जिवंत वस्तू आहे, माझ्या गंधकासारखी पन्नास वर्षं माळ्यावर टिकायची नाही.

चीनमध्ये युन्नान प्रांतात तर औषधच नको अशी एक युक्ती हजारो एकरांवर झाली. करप्याला बळी पडणारा चिकट भात आणि टिकणारा संकरित भात आलटून पालटून ओळींत लावला. चिकट भातावरचा करपा ९४ टक्क्यांनी घटला. २०००च्या ऑगस्टमध्ये हे 'नेचर'मध्ये छापून आलं. बुरशीला एकाच जातीचं अखंड रान हवं असतं, ते मिळालं नाही की तिची घोडदौड थांबते.

हे सगळं केवळ हौसेचं आहे असं कुणाला वाटत असेल, तर बासमतीवाल्यांना विचारा. करप्यावरच्या ट्रायसायक्लॅझोल या औषधाचा तांदळातला अंश किलोला १ मिलिग्रॅमपर्यंत युरोपला चालत होता. २०१७ साली त्यांनी तो ०.०१ वर आणला, म्हणजे शंभरावा हिस्सा. १ जानेवारी २०१८पासून नियम लागू झाला आणि निर्यातदारांची झोप उडाली. पुढं पंजाब सरकारनं बासमतीच्या हंगामापुरती काही औषधांची विक्रीच बंद ठेवायला सुरुवात केली. त्या यादीत हेही औषध आलं.

आमच्या ज्वारीलाही सगळं गंधकानं जमतं असं नाही. रब्बी ज्वारीचा खरा काळ म्हणजे खडखड्या. दाणा भरताना ओल तुटली, की जमिनीतली बुरशी मुळातून बुडख्यात शिरते, आतला गाभा खाते आणि ताट पोकळ होऊन आडवं पडतं. वाऱ्यानं ताटं खडखडतात, म्हणून हे नाव. यावर मडक्यात घोळवायचं काही नाही. इथं औषध म्हणजे ओल. बांध नीट ठेवायचे, रोपं विरळ राखायची, कोळपून जमिनीच्या भेगा बुजवायच्या. सोलापूरला कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ साली सुरू झालं आणि कानिटकरांसारख्या माणसांनी ओल कशी साठवायची याचा हिशेब मांडला. ते दुष्काळासाठी काम करत होते. बुरशीलाही त्याचा फटका बसला, हा वरचा नफा.

यंदा सप्टेंबरात पुतण्याच्या रानात पेरणी होती. मी आजोबांची पुडी घेऊन गेलो. पुतण्यानं पूड चिमटीत घेतली आणि परत केली. "काका, हा जाडा झालाय, खडे धरलेत. दाण्याला चिकटायचा नाही." त्यानं दुकानातून नवा आणला होता. मडक्याऐवजी प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा. नातवानं तो मांडीवर घेऊन दहा मिनिटं घोळवला, आणि हात पिवळे झाले म्हणून सगळ्यांना दाखवत हिंडला. त्याच्या मिशा मी काढू दिल्या नाहीत.

दिवाळीला व्याही आले ते तुसाच्या काळ्या राखेचं एक पोतं घेऊन. "ज्वारीला घालून बघा, वाण्याला विचारू नका." घालून बघणार आहे, एका पट्ट्यात. पट्टा मात्र लहानच राहणार, कारण आमच्या सौभाग्यवतींनी निम्मी राख पितळी भांडी घासायला काढून ठेवली आहे.